खाऱ्या पाण्यातली बेणणी

लोणावळ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या आतल्या भिंतीला लागून, समुद्राच्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. ती माझी. नवऱ्याचा तिच्याशी संबंध एवढाच की पाण्याचे कॅन उचलायची वेळ आली की मी त्याला हाक मारते. मी शाळेत विज्ञान शिकवते. सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानात जिवंत प्रवाळ पाहिले, आणि घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. मग मीठ कसं कालवायचं, पाण्यातला खारेपणा कसा मोजायचा, कोणता प्रवाळ कोणाशेजारी चालत नाही, हे सगळं हळूहळू शिकले. दर रविवारी पाणी तपासून आकडे वहीत लिहायचे हा माझा नेम.

गेल्या पावसाळ्यात भातलावणी उरकल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. पवनानगरच्या पुढे त्यांचं गाव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, महिन्याने दुसऱ्याचं, म्हणजे निदान तीन महिने मुक्काम. सासूबाई म्हशींना सोडून येऊ शकत नव्हत्या. नवरा सकाळी तळेगावला कारखान्यात जायचा, मी शाळेत. दुपारी तीनपर्यंत आबा घरात एकटे.

पहिल्या दिवशी ते टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"ह्यात काय हाय गं? मला नुसतं निळं निळं दिसतंय."

"मासे आहेत आबा. आणि प्रवाळ. समुद्राचं पाणी आहे."

"खारं?"

"हो, खारं."

"धरणाचं ग्वाड पाणी सोडून खारं कशाला?" असं म्हणून ते खुर्चीवर जाऊन बसले.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि सरळ टाकीपाशी गेले. काळा चष्मा जरा वर करून पाहिलं. नारिंगी क्लाउनफिशची जोडी काचेपाशी आली होती.

"आरं तिच्या," ते हळूच म्हणाले. "ही तर हळदीकुंकू लावून आल्यात."

त्या दिवसापासून त्यांची खुर्ची टाकीसमोर गेली. टीव्ही त्यांना आवडत नव्हता. बाहेर धुकं आणि पाऊस, आठवडेच्या आठवडे खिडक्या बंद. डोळ्यात थेंब घालायचे, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असे सगळे नियम पाळत ते मासे बघत बसायचे. मी शाळेतून आले की मला बातम्या सांगायचे. खेकडा शंख बदलून बसला. पिवळा मासा आज दगडाखालून बाहेर आलाच नाही. मला बरं वाटायचं. सहा वर्षांत त्या टाकीबद्दल माझ्याशी कोणी इतकं बोललं नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी शेवाळ दिसू लागलं. आधी पंपाजवळच्या खडकावर हिरवी लव होती. मी टूथब्रशने घासून काढली. पुढच्या रविवारी तिथेच बोटभर लांब केस झाले होते. मग ते शेजारच्या खडकावर गेलं, मग काचेच्या कोपऱ्यात, आणि एक दिवस पाहिलं तर माझ्या सगळ्यांत जुन्या प्रवाळाच्या बुडाशी हिरवा झुबका होता. तो प्रवाळ मी अंगठ्याएवढा आणला होता आणि आता तो बशीएवढा झाला होता. शेवाळ वर चढलं की प्रवाळाला उजेड मिळत नाही, प्रवाह मिळत नाही, तो मिटून बसतो.

मी जे जे माहीत होतं ते सगळं केलं. दिवे आठ तासांऐवजी सहा तास ठेवले. पाणी गाळायच्या यंत्राच्या सगळ्या नळ्या बदलल्या, नळाच्या पाण्यातून काही येत असेल म्हणून. दर आठवड्याला जास्त पाणी बदललं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई मागवल्या. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, खाद्य जास्त पडतंय." मी जवळजवळ भांडलेच त्याच्याशी. चिमूटभर खाद्य, दिवसातून एकदा, सहा वर्षं. वहीत लिहिलेलं होतं. आणि गंमत म्हणजे पाण्यात नायट्रेट जवळजवळ नाही, फॉस्फेट शून्य. म्हणजे शेवाळाला खायला काही नाहीच, तरी ते वाढतंय.

एका रविवारी मी परीक्षानळी उजेडात धरून उभी होते. आबांनी विचारलं, "काय बघतीस?"

"पाण्यात खत किती आहे ते. शेवाळ खतावर वाढतं. पण इथे तर काहीच दिसत नाही."

आबांनी टाकीतल्या हिरव्या झुबक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कसं दिसंल? भातात तण माजलं की खत मातीत ऱ्हातंय व्हय? समदं तणानंच खाल्लेलं असतं. तुझ्या पाण्यात न्हाई, त्या गवताच्या पोटात हाय. कुटनं तरी खत पडतंय बघ."

मी नळी खाली ठेवली. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, आणि तरी माझ्या आकड्यांना धरून बसले होते.

कुठून ते त्याच दिवशी कळलं. आबांच्या बोलण्यामुळे मी मागचा मोठा खडक हलवून त्याच्याखालचा गाळ नळीने ओढून घेतला. बादलीत आलेल्या तपकिरी पाण्यात पांढरं काहीतरी तरंगत होतं. बोटावर घेतलं तर भाताचं शीत, फुगून मऊ झालेलं. पुन्हा नळी लावली तर आणखी निघाली. पंधरा-वीस तरी असतील.

"आबा, टाकीत भात कोणी टाकला?"

"मी. का गं?"

त्यांनी लपवलेलं काहीच नव्हतं. सरळ सांगितलं.

"रोज?"

"रोज. जेवायच्या आदी एक घास काढायचा, आमच्या आईनं लावलेली सवय. गावाकडं गायीला घालतो, कुत्र्याला घालतो. हितं तिसऱ्या मजल्यावर कुनाला घालू? ही दोघं काचंला तोंड लावून उबी असत्यात, म्हून ह्यांना घालतो. आपला इंद्रायणी तांदूळच हाय, गावचा."

मासे भात खात नाहीत. तोंडात घेतात आणि थुंकतात. ती शितं खडकामागे जाऊन दीड महिना कुजत होती.

मी चिडले. "विचारायचं तरी होतं आबा. सहा वर्षांची मेहनत आहे माझी." आवाज चढला नव्हता, पण वर्गात ज्या सुरात मी बोलते त्या सुरात बोलले, आणि तो सूर काही चांगला नाही. आबांनी टाकीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

"म्हंजी खत मीच टाकीत हुतो," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर त्यांची खुर्ची खिडकीपाशी होती, टाकीकडे पाठ करून. बाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. जेवायला ते स्वयंपाकघरात बसू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "हितं बरं वाटतंय." बातम्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "आबा टाकीसमोर बसत नाहीत का हल्ली?" मी त्याला काही सांगितलं नाही. लाज वाटत होती, आणि प्रवाळ अर्धा मिटलेला पाहिला की रागही येत होता. दोन्ही एकदम.

पुढचा रविवार आला. शेवाळ उपटायचं होतं आणि ते एकट्याने होत नाही. एका हाताने उपटलं की तुकडे सुटतात, जिथे पडतील तिथे रुजतात. दुसऱ्या कोणीतरी नळी जवळ धरून ते ओढून घ्यावे लागतात. नवरा दारात बूट घालत होता, त्याला थांबवता आलं असतं. मी खिडकीपाशी गेले.

"आबा, दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आता तीन आठवडे झाले. हात पाण्यात घातला तर चालेल का, विचारलंत डॉक्टरांना?"

"डोळ्यात पानी जायाचं न्हाई. हाताला काय व्हतंय?"

"मग मला हे तण उपटायला, बेणणीला, माणूस हवंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले आणि सदऱ्याची बाही वर करू लागले.

"तंबाखूचा हात चालणार नाही," मी म्हणाले. "मासे मरतात."

ते मोरीत गेले आणि साबणाने तीनदा हात धुऊन आले. वाकायला नको म्हणून मी टाकीशेजारी स्टूल ठेवलं आणि त्यांना त्यावर बसवलं. त्यांनी पाण्यात हात घातला, खडक चाचपला, आणि एका चिमटीत झुबका धरून पिळा देत सावकाश वर घेतला. बुडासकट निघाला. मी इतके दिवस ओढत होते, म्हणून वरचे केस तुटायचे आणि बूड तिथेच राहायचं.

"वढायचं न्हाई. पिळायचं," आबा म्हणाले. "भातातलं बी असंच. नुसतं शेंडं खुडलं तर चार दिसांनी परत येतंय."

दीड तास आम्ही ते काम केलं. मध्येच मासा त्यांच्या बोटाला चावला तेव्हा ते हसले. उपटलेलं शेवाळ अर्धं पातेलं भरलं. ते त्यांना कढीपत्त्याच्या कुंडीत घालायचं होतं. खारं आहे, झाड मरेल, असं सांगितल्यावर कचऱ्यात टाकायला तयार झाले, पण त्यांच्या जिवावर आलं होतं.

हात पुसताना मी त्यांना खाद्याची बाटली दाखवली आणि मोजून घालायचा छोटा चमचा दिला. "दुपारी जेवायच्या आधी एवढंच. मी सकाळी घालणार नाही. तुम्हीच घालायचं."

"येवढ्यानं भागतंय व्हय त्यांचं?"

"भागतं."

त्यांनी चमचा उलटसुलट करून पाहिला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. दुपारी खुर्ची टाकीसमोर आली होती.

त्यानंतरचे पाच रविवार आम्ही बेणणी केली. दुसऱ्या रविवारी पातेलं पाव भरलं, चौथ्या रविवारी वाटीभर निघालं. गोगलगाई आता उरलेल्या लवेला पुरेशा होऊ लागल्या. खडकांवर जांभळट थर परत दिसू लागला. तो आला की टाकी बरी आहे असं मी समजते. जुन्या प्रवाळाची एक बाजू मात्र गेली. तिथे पांढरा सांगाडा उरला. उरलेली बाजू दसऱ्याच्या सुमारास पूर्ण उघडली. आबांनी ती बातमी मला शाळेत फोन करून दिली. माझा तास चालू होता, तरी मी फोन घेतला.

भात कापणीला आलं तसे ते गावी गेले. जाताना चमचा फ्रिजवर ठेवून गेले. नंतर फोनवर आधी कापणी किती झाली ते सांगायचे, मग विचारायचे, "गवत किती हाय?" मी सांगायचे. पंपामागच्या कोपऱ्यात, जिथे हात पोचत नाही, तिथे थोडं राहिलंच होतं. मी तारेचा आकडा केला, चिमटा आणला, पंपच काढून पाहिला. दर वेळी महिन्याभरात तिथे परत हिरवं.

थंडीत ते डोळे दाखवायला एका दिवसासाठी आले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही उत्तम. घरी आल्यावर आबा चष्म्याशिवाय टाकीसमोर उभे राहिले आणि बाजूच्या काचेला डोळा लावून पंपामागे डोकावले.

"आहे ना अजून?" मी विचारलं. "आज काढूया का दोघं मिळून?"

ते काचेपासून मागे सरले.

"ऱ्हाऊ दे तेवढं," ते म्हणाले. "समदं काढल्यावर त्या गोगलगाईंनी काय खायाचं?" आणि चहा झाला का ते बघायला स्वयंपाकघरात गेले.