लेकीचं नाव गुन्हेगारांत शोधताना

आपली मुलगी तुरुंगात सापडू दे, म्हणून देवापुढे हात जोडणारी आई मी आहे. शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जानेवारीत रोज संध्याकाळी माझं हेच चाललं होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी निवडायला घेतलेली मेथी, आणि पडद्यावर अमेरिकेतल्या एका आडगावच्या काउंटीच्या कोर्टाचं पान. मेथी मी उगाच घेऊन बसायची. हातांना काहीतरी लागत होतं.

काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका. माझा जावई तिथल्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं आणि लेक तिकडे गेली. शारजात लहानाची मोठी झालेली, खाली उतरलं की शॉर्मा आणि समोर दोन किराणा दुकानं, अशा रस्त्यावर वाढलेली मुलगी. तिथे दहा मैल मक्याची शेतं आणि मग एक पेट्रोल पंप. "आई, देअर इज नथिंग हिअर," ती सुरुवातीला म्हणायची. मी म्हणायचे, रमशील गं हळूहळू. माझी आई मला हेच म्हणाली होती, आणि रोल्लात रमायला मला फार वेळ लागला नव्हता.

एका गुरुवारी जावयाचा फोन आला. आवाज अगदी हळू, समजूतदार. "आई, शांतपणे ऐका. काल रागाच्या भरात तिने माझ्यावर भांडं फेकलं. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. तिच्यावर केस झालीय, ते तिला घेऊन गेलेत. मी वकील बघतोय. फक्त तुम्ही तिथून कुणालाही फोन करू नका, केस बिघडेल. तिचा व्हिसापण जाईल." लेकीचा फोन बंद होता. मग त्याचे मेसेज यायला लागले, 'काम चालू आहे, काळजी नको.' मग तेही थांबले. आम्ही केलेला फोन तो उचलेना.

आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण ठेवण्यासारखा होता. लेक चिडकी आहे. ती माझ्यावर गेलीय, आणि मी एकदा भर पाहुण्यांत नवऱ्याच्या दिशेने लाटणं भिरकावलेलं आहे, हे आमच्या नात्यागोत्यात अजून हसून सांगतात. जावई मात्र साखरेसारखा. आला की वाकून नमस्कार, नवऱ्याच्या ब्लडप्रेशरची चौकशी, मला "आई, तुम्ही बसा, मी चहा करतो." शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंत. मलाही तसंच वाटायचं.

माझा नवरा दुबईच्या जबल अली बंदरात एका मालवाहतूक कंपनीत आहे. नवीन ड्रायव्हर घ्यायचा तर त्याच्या गावच्या पोलिसांचा दाखला आल्याशिवाय तो पुढे सही करत नाही. घरी आल्यावर मात्र त्याचा कारभार एका म्हणीवर चालतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. इथल्या मराठी मंडळातल्या एकांचा पुतण्या त्या काउंटीपासून तीन तासांवर राहतो. त्याला जाऊन बघायला सांगू या, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "आणि काय सांगणार? आमची मुलगी आत आहे? उद्या अख्ख्या मंडळात होईल." आम्हाला स्वतःला जायचं तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच पुढच्या वर्षीची मिळत होती. मी त्या रात्री जेवले नाही. नवराही जेवला नाही, पण त्याने ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

अशी मी त्या पानापाशी पोचले. नुसतं बघायला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि बघितलं हे कुणाला कळणारही नव्हतं. आडनाव, नाव, जन्मतारीख, खटल्याचा प्रकार, एवढ्या चार चौकटी. पहिल्यांदा मी जन्मतारीख आपल्या पद्धतीने, दिवस आधी महिना नंतर, अशी घातली. त्यांचं उलटं असतं हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं आणि केवढी आशा वाटली. चूक माझीच होती, आता सापडेल. नाही सापडली. मग सासरचं आडनाव, माहेरचं आडनाव, मध्ये नवऱ्याचं नाव, मध्ये बापाचं नाव, असं सगळं करून पाहिलं. आपल्याकडे बाईच्या नावाला किती जोड्या लागतात, हे मला त्या चौकटींसमोर कळलं. दर वेळी तेच उत्तर यायचं, नोंद नाही.

आधी तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं. मग विचार यायचा. तुरुंगात नाही, कोर्टात नाही, घरी नाही, तर आहे कुठे? बाहेर बर्फ आहे तिथे. तुरुंगात निदान हीटर असेल, जेवण मिळेल, दाराबाहेर कोणीतरी बसलेलं असेल. मी देव्हाऱ्यापुढे उभी राहून देवीला म्हणायची, बाई गं, सापडू दे एकदा आत.

त्या तुरुंगाचंही वेगळं पान होतं, फोटोंसकट. जो कोणी आत जाईल त्याचा चेहरा जगाने बघावा, अशी पद्धत. पुरुषांचे फोटो मी भराभर वर सरकवायची आणि बायकांपाशी थांबायची. केस विस्कटलेल्या, काही रडलेल्या, एक तर चक्क हसणारी. शोधता शोधता मला सगळी काउंटी माहीत झाली. कुणाचं कुत्रं मोकाट सुटलं, कुणी परवाना नसताना हरीण मारलं, कुणी शाळेसमोरून गाडी जोरात नेली. एक म्हातारी दुकानातून क्रीमची बाटली चोरताना दुसऱ्यांदा सापडली होती. तिच्याविषयी मला काय वाटायचं सांगू? हेवा. तिच्या घरच्यांना ती कुठे आहे हे ठाऊक होतं.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की, ताज्या नोंदी यायला वेळ लागू शकतो, खात्रीसाठी कोर्टाच्या ऑफिसात फोन करा. जावयाने फोन करू नका म्हणून बजावलेलं. मी दोन दिवस त्या नंबराकडे नुसती बघत बसले. मग मनाशी म्हटलं, मी कोण हे मी सांगणारच नाही. इथले संध्याकाळचे सहा म्हणजे तिथले सकाळचे आठ. शाळेच्या ऑफिसातली माझी नोकरी तीनला सुटते, नवरा ट्रॅफिकमधून साडेसातला येतो. मधला वेळ माझा होता.

फोन एका बाईने उचलला. तिचं इंग्रजी चावून चावून, माझं शाळेतल्या नोटिशीसारखं. मी चाचरत विचारलं, अमुक व्यक्तीची नोंद आहे का, आणि हे विचारायला मला काही कागद द्यावा लागेल का. ती हसली. "ते सगळं पब्लिक आहे, हनी. कुणीही विचारावं, कारण सांगायची गरज नाही." माझा संसार ज्या मुठीवर चालला होता ती मूठच त्या लोकांकडे नव्हती. तिने नाव शोधलं, नाही म्हणाली. आणि एक गोष्ट समजावून सांगितली. आमच्याकडे शोध लागतो तो आरोपीच्या नावाने, तक्रार करणाऱ्याचं नाव घालून काही सापडत नाही. मी बरं म्हटलं. मला आरोपीच तर हवी होती.

त्यानंतर मी रोज फोन करायला लागले. नवऱ्याला ते कळलं, तेव्हा आल्या आल्या तोच विचारायला लागला. बाई कंटाळली नाही, एवढं मात्र खरं. एकदा म्हणाली, "पूर्ण नाव सोडून नुसत्या आडनावाने बघू का? कधी कधी लिहिणारे गोंधळ करतात." पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला.

"एक आहे," ती म्हणाली. "पण पुरुष आहे." तिने नाव वाचलं. ते जावयाचं होतं.

"नो नो," मी म्हटलं. "नॉट हिम. ही इज माय सन-इन-लॉ. व्हेरी गुड बॉय."

मग तिने विचारलं, "वाचून दाखवू का, हनी?"

"नको, थँक यू," म्हणून मी फोन ठेवला.

खोटं सांगत नाही, मला काहीही वाटलं नाही. भांडं त्याच्यावर फेकलेलं, तेव्हा त्याचं नाव कागदावर असणारच. मी उठून कणीक मळली. नवरा आला, बूट काढता काढता म्हणाला, "काय म्हणाली?"

"तिचं नाव नाहीच. आपल्या जावयाचं आहे म्हणे."

"साहजिक आहे. फिर्यादी तोच ना," तो म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

तव्यावर पोळी होती. फिर्यादी हा शब्द माझ्या डोक्यात फिरत राहिला. फिर्यादीचं नाव घालून काही सापडत नाही, असं ती बाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती. ते वाक्य मला पाठ होतं. शोध लागतो तो आरोपीच्या नावाने. मी गॅस बंद केला. पोळी तव्यावर तशीच राहिली. पिठाच्या हातांनी लॅपटॉप उघडला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या चौकटीत जावयाचं नाव लिहिलं.

नवरा टॉवेल घेऊन बाहेर आला. "अगं, जावई आहे तो. त्याचं काय शोधतेस?" त्याच्या आवाजात जरब होती. देवाला कुणाचा पाय लागल्यावर असते तशी जरब.

मी पडदा त्याच्याकडे वळवला. राज्य सरकार विरुद्ध आमचा जावई. घरातल्या व्यक्तीला मारहाण, इजा. तारीख त्याच बुधवारची. त्याला अटक झाली होती, दुसऱ्या दिवशी सोडलं होतं, आणि सुटल्यावर बहुधा पहिला फोन त्याने आम्हालाच केला होता. खाली हुकूम होता की, पीडितेच्या जवळ जायचं नाही, फोन करायचा नाही, दुसऱ्या कुणाकरवी निरोप द्यायचा नाही. पीडितेचं नाव लिहिलेलं नव्हतं, फक्त दोन आद्याक्षरं होती. सगळ्या काउंटीच्या गुन्हेगारांत मी जिला शोधत होते, ती या दोन अक्षरांत होती.

नवऱ्याने ते तीनदा वाचलं. "चुकलं असेल काहीतरी," म्हणाला. "तिकडच्या पोलिसांना आपल्या माणसांचं काय कळतंय?" मी बोलले असते तर लाटणं पुन्हा उडालं असतं. मग तो खुर्चीत बसला आणि टॉवेलात तोंड खुपसून बराच वेळ तसाच राहिला.

तिथे सकाळच होती, कोर्टाचं ऑफिस उघडं होतं. मी पुन्हा फोन लावला आणि या वेळी आधी सांगितलं, मी आई आहे. त्या बाईने एकही जादा प्रश्न न विचारता मला सरकारी वकिलाच्या ऑफिसात जोडून दिलं. तिथे मार खाल्लेल्या बायकांशी बोलायला एक वेगळी बाई नेमलेली असते. ती म्हणाली, अशी कुणी व्यक्ती आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. पण असली तर तुमचा निरोप तिच्यापर्यंत पोचेल. काय सांगू?

इतके दिवस बोलायचं साठलेलं होतं. शेवटी एवढंच म्हणाले, "तिला सांगा, आईबाबांनी कागद वाचला."

नंतर वाट बघणं आलं. शाळेत फोन बाकावर उलटा ठेवायची मला सवय आहे, तो मी सुलटा ठेवायला लागले. आमची शाळा दुबईत, शुक्रवारी ती बाराला सुटते. घरी येऊन मी काहीच केलं नाही, कपडेसुद्धा बदलले नाहीत. नवरा लवकर आला होता. संध्याकाळी अनोळखी नंबर वाजला.

"आई."

ती होती. एका घरात होती, जिथे अशाच बायका राहतात, पत्ता सांगायचा नसतो. डावा हात प्लास्टरमध्ये. "बट आय ॲम ओके, आई. खायला मिळतं. इट्स वॉर्म." भांडं कुणी कुणावर फेकलं हे मी विचारलं नाही. ती बोलत होती आणि मी नुसतं हं, हं करत होते. फोन स्पीकरवर होता, नवरा समोर बसलेला.

मग तिने विचारलं, "कागद कसा मिळाला तुला? ऑनलाइन? माझं नाव तर नाहीये त्यावर."

"त्याचं नाव टाकलं," मी म्हणाले.

"लगेच?" तिचा आवाज एकदम लहान झाला, शाळेतून घरी आल्यावर व्हायचा तसा. "म्हणजे तुम्हाला वाटलंच की तोच असेल?"

"हो," मी म्हणाले. पटकन म्हणाले. आणखी दहा वेळा खोटं मी त्या क्षणी बोलले असते. पण नवऱ्याने हात पुढे करून फोन आपल्याकडे ओढला. ज्या माणसाने आयुष्यभर मूठ झाकून ठेवली, ज्याला जावयाचं नाव शोधलेलंही खपलं नव्हतं, तो फोनवर वाकला.

"नाही गं बाळा. आम्ही रोज तुझंच नाव टाकत होतो."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, आणि इतक्या दुरून तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"आय न्यू, बाबा," ती म्हणाली. "म्हणूनच तर मी तुम्हाला फोन केला नाही."