वाढलेल्या बांगड्या

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची माफी आधीच मागून ठेवते. कुणाची मागते ते मलाही ठाऊक नाही, कारण हे कुणी वाचणार नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, मग शेळ्यांमागं गेले. दुकानात खोक्यांवर रंग आणि माप लिहायचं काम असतं, म्हणून हात तेवढा चालू राहिला. तोंड मात्र चालत नाही. समोर माणूस आला की जीभ जड होते. जे बोलायचं राहून गेलं ते इथं लिहिते.

पाटोद्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान आहे, तिथं मी मागच्या खोलीत असते. आलेला माल उघडायचा, माप बघून डझन डझन दोऱ्यात बांधायचा, फळीवर लावायचा. पुढं बसून बायकांच्या हातात बांगड्या भरत नाही. माझा नवरा गेला तेव्हा जावेनं माझे हात धरले आणि अंगणातल्या दगडावर माझ्या बांगड्या वाढवल्या. तेव्हापासून हात मोकळे आहेत. असल्या हातानं दुसरीला चुडा भरलेला बायकांना चालत नाही, आणि मलाही धीर होत नाही.

आम्ही बांगडी फुटली असं म्हणत नाही, वाढली म्हणतो. दुकानसुद्धा संध्याकाळी बंद करत नाही, वाढवतो. वाईट शब्द तोंडातून निघू नये म्हणून. हे मला कुणी शिकवलं नाही, भाकरी थापण्यासारखं आपोआप आलं.

दुकान अक्कांचं होतं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक ओढून आणावं. माझ्या हातून काही वाढलं की त्या ओरडत नसत. ‘चांगलं झालं, इडापिडा गेली. झाडून लाव,’ एवढंच म्हणायच्या. मी दिवसभर बोलले नाही तरी त्यांचं चालायचं, दोघींचं त्या एकट्याच बोलायच्या. त्या गेल्या आणि त्यांची नात पुण्याहून दुकान सांभाळायला आली. ती तिकडंच वाढली, शिकली. माझ्या लेकीपेक्षा लहान आहे. ती मला मावशी म्हणते, मी तिला ताई.

ताईनं आल्या आल्या कॉम्प्युटर बसवला. प्रत्येक खोकं त्यात लिहिलं. बोलायची नीट, पण कामापुरतं. एके दिवशी बाहेर जाताना म्हणाली, “मावशी, आज दुकान बंद करा लवकर.” मला वाटलं, अक्कांच्या माघारी दुकान कायमचं मोडायचं ठरवलं की काय! दुसऱ्या दिवशी ती किल्ल्या वाजवत आली तेव्हा कुठं जिवात जीव आला. पण ‘तसं म्हणू नका’ हे तिला सांगणं माझ्याच्यानं झालं नाही.

तिनं मला पुढं येऊन बसायलाही सांगितलं होतं. मी नुसती नाही म्हणून मान हलवली. तिनं ओठ दाबले आणि पुन्हा विचारलं नाही.

मग ते मांजर आलं. दुपारी ताई जेवायला घरी गेली होती. वरच्या फळीवरून मांजरानं उडी मारली आणि हिरव्या बांगड्यांची दोन खोकी खाली आली. एकही बांगडी धड राहिली नाही. मी लगेच फोन लावला.

“ताई, हिरव्या बांगड्या वाढल्या. दोन खोकी.”

“अरे वा! चांगलं झालं की मावशी. मी लिहून घेते.”

फोन ठेवून मी काचांपुढं तशीच बसले. डोळे भरून आले. शब्द नि शब्द अक्कांचा. मला वाटलं, नात दिसायला निराळी असली तरी काळीज आजीचंच आहे. काचा झाडल्या, पोत्यात भरल्या आणि दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला दिल्या. फुटकी काच दुकानात ठेवू नये म्हणतात. त्या दिवशी किती तरी वर्षांनी काम करताना गुणगुणले.

लग्नसराईच्या आधी ताईनं माल मोजला. कागद घेऊन मागं आली.

“मावशी, हिरवी चार खोकी कमी भरतायत.”

“दोन वाढली की ताई. तुमाला सांगितलं होतं.”

“तेच म्हणते. ती वाढलेली दोन धरूनच चार कमी आहेत.”

“वाढली ती वाढली. आता कुठून धरायची?”

“अहो, वाढलेला माल जातो कुठं?”

“झाडून लावला.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “झाडून सगळा वाटेला लावला? आणि हे मला तोंडावर सांगताय?”

तिचा आवाज चढला आणि माझी जीभ आत गेली. एवढं कळलं की ती मला चोर समजते. का समजते ते कळेना. स्वतः ‘चांगलं झालं’ म्हणाली होती, आता फिरली, एवढंच मला दिसत होतं. फुटली म्हणाले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तो शब्द माझ्याकडं नव्हताच. मी गप्प राहिले, आणि तिला माझ्या गप्प राहण्यातच उत्तर मिळालं.

“आजीनं तुम्हाला ठेवलं होतं, म्हणून काढत नाही,” ती म्हणाली. “पगारातून महिन्याला पाचशे कापीन.”

चार महिने कापले. पैशाचं ओढून ताणून भागलं. पण मागच्या खोलीचा पडदा आता दिवसभर पडलेला असायचा. काय पाहिजे ते ती पुढूनच ओरडून सांगायची. काम सोडावं असं मनात यायचं. पण घरी तरी कोण आहे? लेक कड्याला सासरी. तिचा रविवारी फोन यायचा. “आई, बरी हाईस ना?” “बरी हाय.” चोरीचा आळ आलाय हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि सोडून गेले तर आळ खराच ठरला असता. म्हणून जात राहिले. पुढं बायका हसायच्या, भाव करायच्या, आणि पडद्याआडून ते ऐकत मी दोरे बांधायचे.

एका दुपारी नवरीचा चुडा भरायला मंडळी आली. हल्ली असं कमीच होतं, पोरी डबीतल्या तयार बांगड्या घेऊन जातात. ताईनं स्वतः भरायला घेतल्या. काच चटकल्याचा आवाज आला आणि नवरीची आत्या म्हणाली, “वाढली बाई! दुसरी काढा.”

“वाढेल कशी? तुमचंच माप आहे,” ताई म्हणाली.

“माप न्हाई गं बाये, बांगडी वाढली! लगीनघरात फुटली म्हणत्यात व्हय? बांगड्याच्या गादीवर बसतीस अन् एवढं ठावं न्हाई? अक्का असत्या तर कान धरला असता तुझा.”

बायका हसल्या. मी हातातला दोरा तसाच धरून बसले. गिऱ्हाईक गेलं, आणि पडदा सरकला.

“मावशी, ती दोन खोकी पडली होती?”

“मांजरानं पाडली.”

“मग फुटली म्हणून का नाही सांगितलं?”

“कावून म्हणू तसं? आपलं दुकान हाय.”

ती माझ्यासमोरच्या रिकाम्या खोक्यावर बसली. “मला वाटलं, मोजण्यात जास्त निघाली. मी कॉम्प्युटरात दोन खोकी वर धरली, मावशी. आणि तुम्हाला म्हणाले, चांगलं झालं!”

“अक्काबी तसंच म्हणायच्या. मला वाटलं, त्याच बोलल्या.”

हे ऐकून ती तोंडावर हात ठेवून रडली. मला तिच्या पाठीवर हात ठेवावा वाटलं. ठेवला नाही.

जरा वेळानं उठून गल्ल्यातून पैसे घेऊन आली. चारही महिन्यांचे एकदम देत होती. मी म्हणाले, “नगं ताई. जसे घेतले तसेच द्या, महिन्याला पाचशे.” एकदम मिळाले तर खर्च होतील म्हणून म्हणते, असं तिला वाटलं असावं. मी तसंच वाटू दिलं.

दर महिन्याला ती चहाचे दोन कप आणि पाचशेची नोट घेऊन मागं यायची, त्याच खोक्यावर बसायची. एकदा म्हणाली, “तुम्ही पुढं बसत नव्हता ना, मला वाटायचं मी आवडत नाही तुम्हाला. इथं सगळे आजीचंच बोलतात. मी असून नसल्यासारखी.” मला वाटायचं की असं फक्त माझंच आहे.

दुसऱ्या एका महिन्यात शब्द विचारत बसली. “दिवा?”

“वाढवायचा. विझवायचा न्हाई.”

“मंगळसूत्र?”

“त्येबी वाढतं.”

तिनं माझ्या मनगटांकडं पाहिलं. पुढचं विचारलं नाही.

पुढं मी अजून बसले नाही. पण संध्याकाळी ती आता पुढूनच हाक देते, “मावशी, वाढवा दुकान!” ‘वाढवा’वर जास्तच जोर देते, ऐकून हसू येतं.

काल चौथी नोट आली. चहा होता, पण पुढं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, ती बसली नाही. “फिटले ना मावशी सगळे?” तिनं विचारलं.

“फिटले,” मी म्हणाले.

पडदा पडला. मी नोटेची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. ती बसायची ते समोरचं खोकं फळीवर चढवायचं होतं, ते तिथंच राहू दिलं. पैसे पुरे झाले. आता तिच्याकडं माझं काही येणं राहिलेलं नाही.