पिशवीतल्या चपला

कॅम्प पाचमधल्या त्या दवाखान्यात कामाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी दारातून परत फिरणार होते. जिना चढून वर आले, तर दाराबाहेर एकही चप्पल नाही. वाटलं, आज बंद असणार. तरी दार ढकललं, आणि आत दहा-अकरा माणसं बसलेली, सगळी भिंतीकडे तोंड करून. कोणी मान वळवली नाही. प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत स्वतःच्या चपला.

कारण दुपारपर्यंत कळलं. मनाचे आणि लैंगिक त्रासांचे डॉक्टर, आणि खाली पडद्याच्या कापडाचं दुकान, तिथे दिवसभर ओळखीच्या लोकांची ये-जा. तोंड रुमालाने झाकता येतं, पण जिन्यातली चप्पल शेजारचा माणूससुद्धा ओळखतो. म्हणून बदलापूरचे इथे यायचे, इथले कल्याणला जायचे, आणि चपला आत न्यायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणावं, तर यांनी चोरी कुठे केली होती?

एरवी मी अशा गोष्टीला हसले असते, जिभेला हाड नाही म्हणून प्रसिद्धच आहे मी. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. कारण असा एक माणूस मी लहानपणापासून पाहत होते.

माझा पालेगावचा काका, वडिलांचा धाकटा भाऊ. कोणाच्याही घरी गेला की उंबऱ्यावर चपला काढायचा, कापडी पिशवीत घालायचा आणि पिशवी मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. चहासुद्धा तसाच प्यायचा. आम्ही पोरं दाराआडून बघायचो. मोठी माणसं सांगायची, तरुणपणी याचा जिवलग दोस्त बारवी धरणात बुडाला, त्यानेच याला धरलंय, तोच लग्न होऊ देत नाही. भगताने दोनदा उतारा काढला, लिंबं कापली. काका भिंतीकडेच बघत राहिला. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला. आमच्या नळाला बारवीचंच पाणी यायचं. शाळेत असताना मी प्रत्येक पेला उजेडात धरून बघायचे आणि मग प्यायचे.

दवाखान्यातलं माझं काम जुनी कार्डं संगणकात भरायचं होतं. मोठे डॉक्टर वारले होते, मुलगा आठवड्यातून दोनदा रुग्ण तपासायला यायचा, एरवी ठाण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. कार्डावर नाव नसायचं. गाव, वय, कोणी आणलं, आणि आजाराचा आकडा. हा आकडा जगभरचे डॉक्टर वापरतात त्या यादीतला. जुना आकडा टाकला की संगणक नवा सुचवायचा. भीती, दारू, झोप, सगळ्यांना नवा आकडा मिळाला. एका आकड्यावर मात्र तो अडून बसायचा. मी ठाण्याला फोन लावला.

"तो यादीतून काढलाय," धाकटे डॉक्टर म्हणाले. "पुरुषाला पुरुष आवडणं, बाईला बाई. तो आजार नाही. जागा रिकामी सोडा."

"कधी काढला?"

"बरीच वर्षं झाली, ताई."

रिकाम्या जागा सोडत मी पुढे जात राहिले. पाच, सात, बारा. त्या कार्डांवरच्या माणसांना हे कोणी जाऊन सांगितलं असेल असं मला वाटेना.

त्याच आठवड्यात ते कार्ड हाती आलं. पालेगाव. वय चोवीस. भातशेती. थोरल्या भावाने आणले, लग्न ठरवण्याआधी बरा करा म्हणतात. सोबत अंबरनाथचा मित्र, त्यालाही वडिलांनी आणले, दोघांना आकडा एकच. गोळ्या. विजेचे झटके, सहा वेळा. आणि तळाशी बारीक अक्षरात, मित्र बारवीत बुडाला, रुग्ण बोलत नाही.

थोरला भाऊ म्हणजे माझे वडील. ते आता नाहीत, पण मला त्यांचा राग आला आणि अजून आहे.

दवाखान्यातली गोष्ट बाहेर सांगायची नसते, हे मला कळतं. पण ही गोष्ट काकाची होती, आणि ती त्यालाच सांगायची राहिली होती. रविवारी सकाळी पालेगावला गेले. चहूबाजूंनी टॉवर उठलेत, मध्ये काकाचं घर खड्ड्यात ठेवल्यासारखं दिसतं. काका ओटीवर होता. स्वतःच्या घरात, भिंतीकडे तोंड, मांडीवर पिशवी.

"काका, त्या डॉक्टरने तुझा जो आजार सांगितला होता ना, तो आजारच नाही. त्यांच्या यादीतून काढून टाकलाय."

मग तो हळूहळू वळला. त्याचा चेहरा इतक्या जवळून, समोरून, मी पहिल्यांदाच बघत होते.

"मंग मी बरा झालू?"

"तू आजारी नव्हतासच."

तो पिशवीतल्या चपला बाहेरूनच चाचपत राहिला. मला वाटलं आता रडेल, नाहीतर माझ्या वडिलांना शिव्या घालेल. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

"त्याला कोनी सांगितला का, बाय?"

कोणाला, हे मी विचारलं नाही.

दुपारी रिक्षाने बारवीला गेलो. वारा अजिबात नव्हता, पाणी ताटात ठेवल्यासारखं स्थिर. काकाने पिशवीतून चपला काढल्या, माझ्या आणि रिक्षावाल्याच्या देखत पायात घातल्या आणि काठाकडे चालू लागला. मी त्याचा सदरा मागून घट्ट धरला. पण तो पाण्याच्या चार हात अलीकडे थांबला आणि शेजारच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तसा ओरडला,

"आइकलास का? आपल्याला काय पन झाला नव्हता!"

मग मान कलती करून ऐकत राहिला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पक्षी नाही, पान हलत नाही. काकाने दोनदा मान हलवली, हां म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले.

"काय म्हणाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बोलला, येवरा उशीर का लावलास."