जगात पाचवी

पहिल्यांदा परदेशी स्पर्धेला गेले तेव्हा माझ्या वजनी गटात पाचच मुली होत्या. मी दोन कुस्त्या खेळले आणि दोन्ही हरले. दुसरी इतक्या लवकर संपली, की आमचे प्रशिक्षक कोट काढत होते, त्यांची एक बाही अंगातच राहिली. निकालाच्या कागदावर माझा नंबर पाचवा होता.

पनवेलला परतले तर एसटी स्टँडपाशी कापडी फलक लागलेला : 'जगात पाचवी'. वडील तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांच्या खात्यातल्या कुणीतरी पेपरात बातमी दिली होती, आणि एकूण मुली किती होत्या हे पेपरवाल्यांनी विचारलं नव्हतं. मी वडिलांना खरं काय ते सांगितलं. गावच्या तालमीत मुलींना घेत नसत, म्हणून घरामागे माती उकरून त्यांनीच मला डाव शिकवले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग खोटं काय हाय त्यात? पाचवी आलीस ना?"

सत्कार झाला. पाहुण्यांनी माझ्या कबड्डीचं तोंडभरून कौतुक केलं. कुणीतरी कानाशी लागल्यावर कुस्तीचंही केलं. शाल, नारळ आणि मिक्सर मिळाला. मी उभी राहून, दोन्ही कुस्त्या हरले, असं स्पष्ट सांगितलं. टाळ्या पडल्या. मुलगी किती नम्र आहे, असं बायका आईला सांगू लागल्या.

त्याच आठवड्यात तालमीचे वस्ताद घरी आले. पाच वर्षं त्यांनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. म्हणाले, "उद्यापासून तालमीत ये. जगात पाचवी पोर घरामागं खेलते, बरं दिसत नाय."

आता त्यांना खरा आकडा सांगावा असं एकदा मनात आलं. नाही सांगितला.

सुरुवातीला पोरं मला धरायलाच लाजायची, मुद्दाम पडून मोकळी व्हायची. मग एकाला मी खरोखर चीत केलं. सगळे त्याला हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी लाजलं नाही. वस्ताद मात्र, कबूल करायला जड जातं, पण शिकवायला फार चांगले निघाले. माझी पकड, माझा श्वास, सगळं त्यांनी मोडून नव्याने बसवलं.

दोन वर्षांनी पुन्हा परदेशी गेले. या वेळी गटात अठ्ठावीस मुली होत्या. मी एक कुस्ती गुणांवर जिंकले, दुसरीत समोरचीला चीत केलं, तिसरी हरले. नंबर आला आठवा. आनंदाने बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी आले तर पेपरात छापून आलं होतं, की आमची कन्या पाचव्या स्थानावरून आठव्यावर घसरली. फलक नव्हता. शेजारणींनी धीर दिला. एकीने, आता लग्नाचं बघा, असं आईला सुचवलं.

संध्याकाळी वस्ताद आले. जिंकलेल्या दोन्ही कुस्त्या पहिल्यापासून सांग म्हणाले. मी एकेक डाव सांगत गेले, वडील मध्येमध्ये हाताने पकड करून बघत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने माझी कुस्ती कधीच पाहिली नव्हती. समोरचीला मी उचलून पाठीवर कसं टाकलं ते सांगून झालं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तिला लागलं नाय ना?"