दाऊदची मोठी पिकअप

गॅरेजात एक बिस्किटांचा डबा असतो. गाडी उघडून परत जोडली की एखादा स्क्रू हातात उरतोच. गाडी तर चालते, मग त्याची जागा कोण शोधत बसणार? जातो डब्यात. ओमानला सहमच्या गॅरेजात मी बरीच वर्षं काढली. तो डबा भरला, आणि किश्श्यांचा दुसराही भरला. त्यातले हे सगळे एकाच गाडीचे.

दाऊद आमच्या रूमवरचा, रत्नागिरीच्या किनाऱ्याकडचा. अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, शेतावरचे टोमॅटो न् लिंबं मस्कतला कुरुमच्या दुकानांत पोचवायचा. गाडी छोटी पिकअप. मागे माल भरला की पुढची चाकं इतकी हलकी व्हायची की स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी जरा विचार करून वळायची. एके दिवशी तिने अर्ध्या वाटेत दम सोडला.

अरबाब शांत माणूस. म्हणाला, "दाऊद, रमजानच्या आत मोठी गाडी बघ. जुनी चालेल, पैसे एवढेच आहेत. गाडी नाही तर काम नाही, काम नाही तर व्हिसा खलास. मिळेल, इन्शाल्ला."

दाऊद रूमवर येऊन खाटेवर बसला. "भिवादा, सुट्टी मागितली की अरबाब इन्शाल्ला म्हणतो. सात वर्षांत सुट्टी मिळालेली नाही."

मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज कळायचा. म्हणून गाडी बघायला जायचं ते मला घेऊन, असं ठरलं.

•

शेट्ये नावाचा आमचा एक गाववाला कुरुमला ऑफिसात होता. तो इंग्रजी पेपरातल्या जाहिराती वाचून नंबर द्यायचा आणि दाऊद बूथवरून फोन लावायचा. तीन ठिकाणी लावला, तिन्ही वेळा लगेच ठेवून दिला.

"काय झालं?"

"विकल्या गेल्या म्हणतात."

चौथ्या फोनला मी कान लावून उभा राहिलो. दाऊदने विचारलं, "पिकअप?" पलीकडून आवाज आला, "अय्वा, बिकअप! बिकअप!"

"ऐकलंस? बिक गया म्हणतो."

अय्वा म्हणजे हो. आणि अरबी बोलणाऱ्याच्या तोंडी 'प' येत नाही, तिथे 'ब' येतो. हे आम्हा दोघांच्या ध्यानात आलं तेव्हा फोनचं कार्ड संपलं होतं.

•

मस्कतजवळच्या अल अमेरातची गाडी बघायला शेट्ये स्वतः आला. त्याने कुठे तरी वाचलं होतं, की चुंबक चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर आत पुट्टी भरलेली. त्यासाठी घरच्या फ्रिजवरचा आंबा घेऊन आला होता, चुंबकाचा.

आंबा दाराला लावला. पडला. बॉनेटला लावला. पडला. मागच्या हौद्याला लावला, तिथूनही पडला.

मालक तरुण होता. म्हणाला, "तुम्हारा मँगो खराब है." आणि घरात जाऊन आपल्या फ्रिजवरचा उंट घेऊन आला. उंटही पडला. त्याने तो उचलून पुसला, थोडा वेळ दाराकडे बघितलं आणि फोन लावायला आत निघाला.

शेट्येने विचारलं, "किसको?"

"मेरा भाई. उसने बेचा मेरे को."

•

सहमच्या पुढे एका गावात हिरवी गाडी होती. दिसायला झकास. मी सहज बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. आम्ही यायच्या आधी मालकाने ती चांगली तासभर चालू ठेवलेली असणार. गरम गाडी कुणाचीही चालू होते. तिची खरी तब्येत थंडपणीच कळते.

मालकाने बसवलं, खजूर ठेवले, कहवा ओतला. कहव्याचा तिकडे एक रिवाज आहे. कप एवढासा, बिनकानाचा. पुरे झालं की तो बोटांत धरून हलवायचा. नाही हलवला, तर यजमान ओतत राहतो. तोंडाने नको म्हणायची गरज नाही.

मी हलवला नाही.

पाचव्या कपाला दाऊद कुजबुजला, "भिवादा, हलव."

"थांब जरा."

आठव्याला खजूर संपले, मालकाने दुसरे आणवले. अकराव्याला तो माझ्या तब्येतीची चौकशी करू लागला. चौदाव्याला त्याच्या अंगणातला कोंबडा उडाला आणि बॉनेटवर जाऊन निवांत बसला. तेव्हा मी कप हलवला.

"आता सेल्फ मारा," म्हटलं.

मारला. घर्र झालं. परत मारला. परत घर्र. कोंबडा तेवढा उतरला.

मालक गाडीतून खाली आला, किटली उचलली न् म्हणाला, "पंधरावा घेतोस?"

•

रमजान आठ दिवसांवर आला. दाऊदने बॅग खाटेखालून काढून वर ठेवली होती.

तेवढ्यात सहममध्येच एक गाडी निघाली. पांढरी, अमेरिकन, हौद्यात चार माणसं आडवी झोपतील एवढी. मालक म्हातारा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. त्याला अरबीशिवाय काही येत नव्हतं. गाडी थंड होती, पहिल्या सेल्फला चालू झाली, आवाज जात्यासारखा एकसारखा. मी दाऊदकडे बघून मान हलवली.

तेवढ्यात मास्तर गाडीवर थाप मारून म्हणाला, "वकाला. कुल्लु वकाला."

दाऊदचा चेहरा उतरला. "भिवादा, हा तर स्वतःच सांगतोय, वाकला. कुल्लु म्हणजे सगळं. सगळा वाकला."

मी म्हटलं, "अरे, गाडी म्हणजे 'ती', मग वाकली म्हणेल ना?"

"अरबाला एवढं व्याकरण कुठलं? आपल्या कोकणातल्या कुणा ड्रायव्हरकडून शब्द उचलला असेल."

मी गाडीखाली आडवा झालो. चॅसीच्या दांड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी लावली. कुठे बाक दिसेना. पण माणूस आपल्या तोंडाने सांगतोय म्हटल्यावर माझ्या दोरीला काय किंमत? मास्तरचे आभार मानले. एवढा प्रामाणिक माणूस बघितला नव्हता, असं दाऊद वाटेत दोनदा म्हणाला. शेट्येलाही त्याने कळवून टाकलं.

•

चार दिवसांनी अरबाबने विचारलं, "मास्तरची गाडी का नाही घेतली?"

दाऊदने मनगट वाकडं करून दाखवलं. "अरबाब, वाकला."

अरबाब आधी त्याच्या मनगटाकडे बघत राहिला. मग इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. वकाला म्हणजे एजन्सी. नवी घेतल्यापासून मास्तरने गाडी कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू दिली नव्हती. आमच्या गॅरेजात येणाऱ्या गाड्यांनी एजन्सीचं तोंड बघितलेलं नसायचं, मग हा शब्द माझ्या कानावर कुठून येणार?

आम्ही धावत गेलो. दाऊद वाटभर काहीतरी पुटपुटत होता. गाडी दारातच होती. मास्तर पायरीवर बसला होता, फार दुःखी. अरबाबला म्हणाला, "तुमच्या हिंदी लोकांना सांगाल का काही? रोज दोघं तिघं येतात. माझ्या गाडीखाली झोपतात. उठतात आणि मला सलाम करून जातात."

शेट्येने सगळ्या कोकणाला सांगून ठेवलं होतं.

रमजानच्या पहिल्या दिवशी कुरुमला टोमॅटो वेळेवर पोचले. बॅग खाटेखाली गेली.

•

ती गाडी दाऊदने नऊ वर्षं चालवली. शेवटच्या वर्षी पावसात वादीला, म्हणजे कोरड्या नदीपात्राला, लोंढा आला, गाडी दगडावर चढून आदळली आणि चॅसी खरोखरच वाकली. तरी चालत होती. अरबाब म्हणाला, विकून टाका, पण खरं सांगून विका.

गिऱ्हाईक आलं. वय झालेला, हळू चालणारा माणूस. दाऊद मला आपल्या भाषेत म्हणाला, "भिवादा, आधीच सांगून टाकू, दांडा वाकला आहे म्हणून."

म्हातारा खूश झाला. "वकाला? माशाल्ला!"

"नाही, नाही. वकाला नाही. वाकला."

"अय्वा, वकाला."

दाऊदने मनगट वाकडं करून दाखवलं. म्हाताऱ्याने ते प्रेमाने हातात घेऊन हलवलं. मग बॉनेटवर दुसरा हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. गाडी शेतावरून नुकतीच आली होती.

तो सावलीत येऊन बसला. मी कहवा ओतला. त्याने प्यायला आणि कप पुढे केला. मी ओतला. परत पुढे केला. सहाव्या कपाला मी त्याच्या बोटांकडे बघितलं. कप हलत नव्हता.

मी दाऊदला म्हटलं, "अजून खजूर आण."