कंपनी झाली त्या आठवड्यात

माझा धाकटा भाऊ दुबईत एसी दुरुस्तीचं काम करायचा. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत काढल्यावर त्यानं स्वतःची काढायचं ठरवलं. इकडे मुरूडला घरी मी आणि अब्बा दोघंच. मी शाळेत शिकवते. अब्बांचं आयुष्य आगरदांड्याच्या जेट्टीवरून लाँच चालवण्यात गेलं.

एका जुम्म्याला भावाचा फोन आला. "आपा, लिमिटेड कंपनी काढतोय, भागीदार म्हणून तुझं नाव घालतो. परक्या माणसाचा मला भरवसा नाही."

अब्बांनी फोन माझ्या हातून घेतला. "लिमिटेड कंपनी म्हणजे काय रं?"

"धंदा बुडाला तर कंपनीपुरताच बुडतो, अब्बा. घराला हात लागत न्हाय."

"मंग करा," अब्बा म्हणाले. दुसऱ्या दिवशी जेट्टीवर सगळ्यांना सांगून आले, लेकीच्या नावावर दुबईत कंपनी निघतेय.

मी तिकडे जाणार नव्हते. माझ्या वतीनं भावानं सह्या कराव्यात म्हणून मुखत्यारपत्र हवं होतं. अलिबागला नोटरीकडे केलं, मग शिक्क्यांसाठी मुंबईत दोन सरकारी कचेऱ्या, शेवटी अमिरातीची वकिलात. एवढं करून कागद तिकडे पोचला आणि नापास झाला. माझ्या पासपोर्टवर अब्बांचं नाव सलग एका शब्दात आहे, कागदावर मी ते तोडून दोन शब्दांत लिहिलं होतं. शाळेत तशीच सही करायची सवय. मी नीट वाचलंच नव्हतं. सगळी फेरी पुन्हा केली. त्यात तीन आठवडे गेले.

भावानं तोवर नोकरी सोडली होती. जुना व्हिसा रद्द झालेला, नवा कंपनीच्या नावावर मिळायचा होता.

सोमवारी लायसन्स आलं. भावानं फोटो पाठवला. कागद अरबीत होता. अब्बांना अरबी समजत नसे, पण कुराण वाचणाऱ्याला अक्षरं ओळखीची असतात. चष्मा लावून, बोट फिरवत त्यांनी माझं नाव वाचलं, पुढे स्वतःचं. "हा बघ, मीपन हाय," म्हणाले आणि परत वाचलं.

गुरुवारी सकाळी फजरची नमाज पढून अब्बा ओट्यावर बसले आणि तिथेच कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आपा, पासपोर्ट कालच व्हिसाला गेलाय." तेव्हा व्हिसा पासपोर्टवरच चिकटवून द्यायचे. तो तडक एजंटकडे गेला, तिथून सरकारी कचेरीत. दुपारी त्याचा परत फोन आला.

"उद्यापर्यंत थांबवता येईल का? उद्या देतो म्हणतायत."

घरात माणसं जमली होती. मयताची अंघोळ, गुसल, झालं होतं. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर जनाजा निघणार होता. मयताला ताटकळत ठेवत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलं, आणि नाही म्हणणं माझ्या वाट्याला आलं.

"न्हाय रे," मी म्हणाले. "न्हाय थांबवता येत."

आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. शेजारच्या चाचांनी भावाला व्हिडिओ कॉल लावून माझा फोन नेला. भावानं एजंटच्या दुकानात उभ्यानं अब्बांची माती बघितली. मी दारात उभी होते, मला तेवढंही दिसलं नाही.

पासपोर्ट शुक्रवारी मिळाला. रविवारी भाऊ घरी आला तेव्हा ओटा धुऊन झाला होता, पाहुणे पांगले होते. तो कबरीवर जाऊन आला आणि माझ्यासमोर जेवायला बसला. मी म्हणाले, "माझ्या त्या चुकीनं तीन आठवडे गेले. नाहीतर तू आला असतास."

त्यानं घास खाली ठेवला. "मी आधी घरी येऊन मग व्हिसा रद्द करायला हवा होता, आपा. अब्बा सारखे म्हणत होते, एकदा येऊन जा. मीच घाई केली."

त्याचं मला पटलं नाही, माझं त्याला. ताटं तशीच राहिली.

कंपनी बरी चालली आहे. दरवर्षी नूतनीकरणाचे कागद तो मला पाठवतो. मी प्रत्येक अक्षर तपासते, मग तपासलं म्हणून कळवते. तो आभार मानतो, इथल्या हवेची चौकशी करतो. अब्बांचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.