माझा चहा, तिची बिस्किटं

आलापल्लीहून फोन आला की गेली काही वर्षं मी तो उभ्यानं घेत नसे. आधी खुर्ची ओढायची, बसायचं, मगच कानाला लावायचा. माझा धाकटा भाऊ मधू डायलिसिसवर आहे, आणि एक दिवस त्या फोनवर काय ऐकावं लागणार हे मी मनाशी धरूनच चालले होते. त्या सकाळी त्यांच्या शेजारणीचा आवाज आला, "बाई, गेल्या जी..." आणि पाठोपाठ, "सुनंदाबाई गेल्या. ताप डोक्यात चढला." सुनंदा म्हणजे मधूची बायको, माझी भावजय. धडधाकट बाई, कधी डोकं दुखलं म्हणून पडलेली कोणी पाहिली नाही, आणि मलेरियानं दोन-तीन दिवसांत गेली. बोलू नये, पण बोलते... माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की मधू आहे. आणि पाठोपाठ आलं ते याहून वाईट. आम्ही सगळे वर्षानुवर्षं मधूसाठी रडायला तयार बसलो होतो, आणि ते रडणंसुद्धा हिनं आपल्याकडे ओढून घेतलं.

हेवा कशाचा, ते सांगते. मधू आणि मी धानोऱ्याकडच्या एका लहान गावात वाढलो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आई उजाडायच्या आत शेतातल्या बांध्यांवर जायची आणि तिच्या माघारी चूल माझ्याकडे यायची. एकदा मी पातेल्यात साखर टाकली आणि पाणी आणायला गेले, ती तिथेच गप्पांत रमले. परत येईतो साखर तपकिरी होऊन धुरावली होती. आईचा मार चुकवायला त्यातच पाणी ओतलं, चहापत्ती टाकली, आलं ठेचून घातलं आणि मधूला दिला. मला तो बाई म्हणतो. वाटी चाटूनपुसून म्हणाला, "बाई, असाच करत जा." तेव्हापासून मी तसाच करत आले. थोडी साखर आधी जाळायची, मग पाणी. कोणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. पुढे माझं लग्न होऊन मी चंद्रपूरला आले, मधू आलापल्लीला लाकूड डेपोत लागला, तरी माझ्या घरी पाऊल टाकल्या टाकल्या त्याचं एकच मागणं असे, "बाई, चहा." जेवण त्यानं कुठंही केलं असेल, चहा माझाच. सख्खा भाऊ असला तरी आपलं म्हणून त्याच्यापाशी काहीतरी असावं लागतं. माझं ते होतं.

सुनंदा सिरोंच्याची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, त्यामुळे मला, थोरल्या नणंदेला, ती तिकडच्या पद्धतीनं 'वदिना' म्हणायची. तिचा मामा गोदावरीपलीकडे एका बेकरीत कामाला होता आणि लहानपणी सुट्टीत ती त्याच्याकडे राहायची, त्यामुळे बिस्किटं हा तिच्या हातचा खेळ होता. चहा मात्र तिला अजिबात जमायचा नाही. कधी पांचट, कधी कडू. मधू तो मुकाट्यानं प्यायचा आणि माझ्याकडे आला की म्हणायचा, "आता खरा चहा." ती शेजारी बसून हसायची. मला तिची ती एक उणीव इतकी आवडायची की तिच्याशी मी त्या काळात फार प्रेमानं वागले.

मग मधूच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिससाठी चंद्रपूरला यावं लागायचं. आदल्या संध्याकाळी तो एसटीनं माझ्याकडे मुक्कामाला यायचा. डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी मोजून दिलेलं, औषधाच्या गोळ्याही त्याच पाण्यात बसवायच्या. चहाला जागाच उरली नाही. "चहा पिऊन तहान भागत नाई बाई, वाढते," असं तो म्हणायचा, आणि तरी माझ्या स्वयंपाकघराकडे बघायचा. मी काय केलं? तो घरी असेल त्या दिवशी मी चहा टाकणंच बंद केलं. त्याला वास यायला नको. सकाळपासून डोकं ठणकायचं, पण पातेलं चुलीवर चढवलं नाही. हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

एका मुक्कामाला त्यानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत सुनंदानं केलेली बिस्किटं. लहान, जाडसर, बोट लावलं तर भुगा होईल अशी. घरचं लोणी, मैदा, थोडी तांदळाची पिठी, आणि खलबत्त्यात कुटून कापडातून गाळलेली चहापत्ती. आलापल्लीला विजेचा भरवसा नाही म्हणून जाड पातेल्यात वाळू तापवायची, तिच्यावर ताटली, आणि झाकणावर निखारे. मधूनं एक बिस्कीट जिभेवर ठेवलं, चावलं नाही, डोळे मिटून नुसतं विरघळू दिलं. पाण्याचा थेंब लागला नाही. मग मला म्हणाला, "बाई, चहा पेल्यासारखं वाटते." माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पाटावर बसून! मलाही त्यानं एक दिलं. मी म्हटलं, "लोणी जास्त झालं," आणि अर्धं परत डब्यात ठेवलं.

पुढे त्या डब्याची कीर्ती दवाखान्यात पसरली. मधूच्या शेजारच्या पलंगावरचे लोक, नर्सबाई, सगळे तुकडा तुकडा मागून खायचे. "काय डोकं चालवलं जी वहिनीनं," म्हणायचे. मी तिथं भावाच्या पायाशी तासन् तास बसलेली असायची, पण विचारपूस आलापल्लीच्या बाईची. मी त्याच्यासाठी चहा सोडला ते कोणाला दिसलं नाही; तिनं त्याला चहा दिला ते सगळ्या दवाखान्याला दिसलं. दिवाळीत मी हट्टानं ओव्हन विकत आणला. नानखटाई केली, केक केला. मधू चांगलं म्हणून खायचा आणि झोपण्याआधी त्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचाच. सुनंदाला मी तोंडावर कधी वाकडं बोलले नाही. ती फोन करून विचारायची, "वदिना, जेवले का हे? पाणी जास्त तर नाई मागितलं?" मी सांगायची, "माझ्याकडे आहे तो, काळजी कायले करते?" ती गप्प व्हायची. मला ते गप्प होणं आवडायचं.

तिच्यामागे मधूला आलापल्लीला एकटं कसं ठेवणार? मूलबाळ नाही. तेरवी झाल्यावर मी त्याला चंद्रपूरला घेऊन आले. येताना डबा रिकामा होता. शेवटची बिस्किटं ती आजारी पडण्याआधीची, ती त्यानं दिवस घालायच्या काळातच संपवली होती. पंधरा-वीस दिवस त्यानं काही मागितलं नाही. एका दुपारी मीच ओव्हन लावला. चहापत्ती कुटली, गाळली, पिठी घातली. सगळं ऐकून-बघून माहीत होतं. मधूनं एक उचललं, जिभेवर ठेवलं आणि थोड्या वेळानं खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाई. तिचेही सुरुवातीले असेच होत." मग तो बोलायला लागला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "किती दिवस करून राह्यली थे. रोज एक घाणा. मी म्हणो, हा चहा लागते, पण बाईचा नाई लागत. थे पुन्हा करे. आलं घालून पाह्यलं, वेलची घालून पाह्यली. एक दिवस साखर जाळून, कुटून घातली. मी तोंडात टाकलं न् म्हटलं, हा बाईचा! लहान पोरीवानी नाचली बाई थे."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. माझी साखर... आईला न सांगितलेली. ही बाई माझ्या घरी चार वेळा चहा प्यायली असेल, आणि तेवढ्या चवीवरून तिनं ती हुडकून काढली.

"मले तर तिनं एका शब्दानं विचारलं नाई," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "फोन होता न् तिच्याजवळ? विचारलं असतं तर..."

"तू सांगतली असती?" मधूनं विचारलं. त्यानं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नसती सांगतली," मी म्हटलं.

"तिले ठाऊक होतं. मले म्हणे, वदिनाले नका सांगू. त्यायचं तेवढंच आहे."

त्यायचं तेवढंच आहे! मला किती ओळखलं होतं त्या बाईनं. कीव करून गेली असती तरी सोसलं असतं, पण तिनं माझं ते जपलंही आणि घेतलंही, आणि मी तिच्या बिस्किटाला लोणी जास्त झालं म्हणून नावं ठेवली. रागानं मला रडू आलं. मधूला वाटलं, मी तिच्यासाठी रडते आहे. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. खोटं नको बोलायला, थोडं तिच्यासाठीही होतं.

दुसऱ्या दिवशी मी साखर जाळली. जगात ती माझ्याइतकी कोणाला जमत असेल? थंड केली, कुटली, लोण्यात फेटली. मधूनं बिस्कीट जिभेवर ठेवून डोळे मिटले आणि मी समोर उभी. "चांगलं झालं बाई," तो म्हणाला. मी म्हटलं, "खरं सांग." तो अडखळला, मग म्हणाला, "यात तुया चहा नाई लागत."

माझा चहा, माझ्या हातची साखर, आणि त्यात मीच नाही. फरक उरला तो तिच्या वाळू-निखाऱ्यांचा. ओव्हन बाजूला ठेवला. बाजारातून जाड पातेलं आणलं, वाळू धुऊन वाळवली, मागच्या अंगणात शेगडी मांडली. पहिला घाणा कच्चा राहिला, दुसरा कोळसा झाला. आता एक दिवसाआड करते. मधू चाखतो आणि मान हलवतो, "अजून नाई." परवा त्यानं डोळे जरा जास्त वेळ मिटून ठेवले आणि म्हणाला, "आलं बाई, जवळपास आलं. तिच्यावानीच." मला इतका आनंद झाला की मी पदरानं तोंड झाकून घेतलं. मग लक्षात आलं, या भावाकडून इतक्या वर्षांनी शाबासकी मिळाली ती कशाची. तिच्यासारखं झाल्याची. अंगाचा तिळपापड झाला. मधूनं आणखी एक मागितलं, आणि मी निखारे फुंकायला घेतले.